सावरीचे काटे

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी गोखले रोडवरच्या एका मेडिकलच्या दुकानात मी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेण्यासाठी उभी होते. पाऊस थांबून थांबून पडत होता, पायरीवर छत्र्यांचे पाणी साचले होते आणि काउंटरपाशी नेहमीची गर्दी होती. माझ्या पुढे सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी उभी होती. स्कूटरवरच्या मुली धुळीसाठी गुंडाळतात तशी तिने ओढणी डोक्यावरून घेऊन नाकापर्यंत गुंडाळली होती, परंतु तिच्या हातात ना हेल्मेट होते ना किल्ली. पैसे काढताना ओढणी घसरली आणि दुकानाच्या पांढऱ्या उजेडात तिचा गाल क्षणभर दिसला. जबड्याच्या कडेने दाटीने आलेले लाल फोड, त्यांच्यामधली कातडी पातळ आणि चकचकीत, आणि त्या कातडीखाली बारीक लाल शिरांचे जाळे. "दादा, ती नेहमीची द्या," ती हळू आवाजात म्हणाली. दुकानातल्या मुलाने काहीही न विचारता मागच्या खणातून एक छोटी ट्यूब काढून समोर ठेवली. ती मी ओळखली. खोक्याचा रंग आणि वरचे नाव वेगळे होते, पण खाली बारीक अक्षरांत छापलेली तीन औषधांची नावे तीच होती. मी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. मुलीने ओढणी सारखी केली आणि ती पावसात निघून गेली.

मी काहीच बोलले नाही.

घरी येऊन आईला गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशीच्या दिंडांसाठी हरभऱ्याची डाळ भिजत घातली, आणि हे सगळे करत असताना ती ट्यूब डोळ्यांपुढून हलत नव्हती. आपण गप्प का बसलो हे मला चांगले ठाऊक होते. वयाच्या पंधराव्या वर्षी मी मनाशी ठरवले होते की कोणाच्याही चेहऱ्याविषयी आपण होऊन एक शब्द उच्चारायचा नाही, आणि तीस वर्षे मी ते पाळत आले होते. ज्यांना कधी मुरुम आले नाहीत त्यांना हे कळणे अवघड आहे, पण मुरुमांचा चेहरा गावच्या पारासारखा असतो, तिथे कोणीही यावे आणि बसावे. हळदीकुंकवाला गेले की वाण हातात देता देता एखादी काकू माझ्या गालापासून चार बोटे दूर, हवेतच बोट फिरवून विचारी, "अगं, हे काय झालं?" जणू ते कालच झाले होते आणि मला ते ठाऊक नव्हते. लोकलच्या बायकांच्या डब्यात समोर बसलेली अनोळखी बाई मुलुंड येईपर्यंत माझ्याकडे पाहत राही आणि उतरता उतरता कोरफडीचा उपाय सांगून जाई. पोट साफ होते का, शेंगदाणे खातेस का, रात्री जागतेस का, अशी माझी उलटतपासणी रोज कोणी ना कोणी घेत असे. "लग्नानंतर जातील हो" हे वाक्य तर मी इतक्या वेळा ऐकले की मुरुमांचे आणि लग्नाचे काही देणेघेणे असते हे मला अनेक वर्षे खरे वाटत होते. यातले कोणीही दुष्ट नव्हते. प्रत्येकाच्या मनात माझ्याविषयी मायाच होती आणि प्रत्येकाचे बोलणे झाल्यावर मी न्हाणीघरात जाऊन साबणाने चेहरा इतका घासत असे की कातडी ताणली जाऊन हसतानासुद्धा दुखे.

आमचे घर तेव्हा नौपाड्यातल्या एका जुन्या दुमजली इमारतीत होते. आरसा खिडकीशेजारी टांगलेला होता, त्यामुळे सकाळच्या तिरप्या उजेडात चेहऱ्यावरचा प्रत्येक उंचवटा स्वतःची सावली घेऊन दिसे. मी उजेडाचा अभ्यासच केला होता. पिवळ्या बल्बखाली चेहरा बरा दिसतो, ट्यूबलाइटखाली वाईट, आणि सर्वांत वाईट दिसतो तो वर्गातल्या खिडकीच्या बाकावर, म्हणून मी वर्षभर भिंतीकडची जागा धरून ठेवली होती. माझ्या थोरल्या बहिणीचा चेहरा निर्मळ होता, नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखा, आणि एकाच घरातले एकच जेवण जेवून हे असे का, याचे उत्तर मला कोणी देऊ शकत नव्हते. ताईवर माझे प्रेम होते, पण कधी कधी रात्री तिच्या शेजारी झोपले असताना तिच्या कपाळावर निदान एक तरी पुटकुळी यावी असे मला वाटत असे. तिला तीस वर्षांनी हे मी सांगितले, तेव्हा ती रडली. मला वाटले होते ती रागावेल.

आजी मात्र कधी विचारत नसे. रात्री जेवणे उरकली की ती ओट्याच्या कोपऱ्यात सहाण घेऊन बसे, दुधाचे चार थेंब टाकून त्यावर जायफळ उगाळी आणि मला समोर बसवून अंगठ्याच्या पेराने तो गंध एकेका फोडावर ठेवी. सहाणेचा तो ओला, खरखरीत आवाज आणि जायफळाचा उग्र, किंचित गोडसर वास अजून माझ्या नाकात आहे. गंध गार लागे, मग वाळताना कातडी ओढली जाई, आणि कधी कधी झोंबेही. आज मला माहीत आहे की त्या जायफळाने माझे मुरुम गेले नाहीत. दुखऱ्या कातडीवर कोणताही झोंबणारा लेप लावणे बरे नव्हे हेही माहीत आहे, आणि शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मी पुढे जे लिंबू चोळले त्याने तर निव्वळ नुकसान केले. कातडीचा स्वतःचा सामू (आंबटपणाचे माप, आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त) साधारण 5 च्या आसपास असतो आणि लिंबाच्या रसाचा 2 च्या जवळ, त्यामुळे सुजलेल्या फोडावर लिंबू म्हणजे आगीत तेल. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला असे डिवचले की ती रंगद्रव्य तयार करून बदला घेते, फोड आठवड्याने बसतो आणि त्याचा काळसर डाग महिनोन्महिने राहतो. एवढे सगळे कळल्यावरही आजीच्या जायफळाविषयी मला कडवटपणा वाटत नाही. मुरुमांच्या चेहऱ्याला कोणी हात लावत नाही, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. लहान मुलाचे गाल सगळे कुस्करतात, म्हातारीच्या गालावरून नात हात फिरवते, पण तेराव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत माझ्या चेहऱ्याला आपण होऊन हात लावणारी या जगात एकच व्यक्ती होती, आणि तिच्या अंगठ्याला जायफळाचा वास येत असे.

मुरुमांना आपल्याकडे तारुण्यपीटिका असे एक भारदस्त नाव आहे, पण त्याहून जुने नाव मला पुढे वाचनात सापडले. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या अध्यायात तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पुळ्यांचे वर्णन आहे. त्यांना तिथे मुखदूषिका म्हटले आहे आणि उपमा दिली आहे शाल्मलीच्या काट्यांची. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. ठाण्याच्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. येऊरला फाल्गुनात पाने झडून गेलेल्या सावरी लालभडक फुलांनी पेटलेल्या असतात आणि सगळे मान वर करून फुलेच पाहतात, पण कोवळ्या सावरीच्या खोडापाशी जाऊन बोट लावून पाहावे. बुडाशी रुंद, टोकाला निमुळते होत गेलेले शंकूसारखे काटे खोडभर दाटीने उठलेले असतात. काटा लाकडातून आलेला नसतो, तो सालीचाच असतो. ज्या कोणी ही उपमा प्रथम योजली, त्याने कोवळे झाडही जवळून पाहिले होते आणि कोवळा चेहराही, आणि बहुधा दोहोंनाही बोट लावून पाहिले होते. दूषिका हा शब्द मला टोचतो, पण या उपमेपाशी मी थांबते.

आता त्या ट्यूबविषयी सांगितले पाहिजे. मी एकोणीस वर्षांची असताना मामेबहिणीचे लग्न ठरले आणि ओळखीच्या एकीने मला एका क्रीमचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. मेडिकलवाल्याने ती न विचारता दिली. पहिल्या चार दिवसांत लाली ओसरली, आठवड्यात फोड बसले आणि पंधराव्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, मी आरशात पाहिले तेव्हा माझा चेहरा ताईसारखा दिसत होता. त्या दिवसाचा आनंद मी आजही नाकारू शकत नाही. लग्नातल्या प्रत्येक फोटोत मी पुढे उभी आहे, त्याआधीच्या सगळ्या फोटोंत कोणाच्या तरी खांद्यामागे. मग मी ती ट्यूब रोज लावू लागले आणि दोन वर्षे लावली. संपली की दुसरी आणायची, न लावल्यास तिसऱ्या दिवशी चेहरा लाल होऊन भाजल्यासारखा जळे, म्हणून पुन्हा लावायची. हळूहळू गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, उन्हात दहा मिनिटेही उभे राहवेना, ओठांच्या वर लव दाट झाली, आणि ज्यांच्यासाठी हे सारे आरंभले होते ते मुरुम सगळे एकसारखे, एकाच वेळी, पेरल्यासारखे उगवून आले.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते.

हे मला ज्यांनी सांगितले ते त्वचारोगतज्ज्ञ तलावपाळीपासून जवळच एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बसत. त्यांनी आधी भिंग घेतले, मग हातमोजे न घालता अंगठ्याने माझा गाल हलकेच ताणून पाहिला, आणि आजीनंतर प्रथमच कोणीतरी माझ्या चेहऱ्याला हात लावला म्हणून मी तिथे रडू लागले. त्यांना वाटले दुखले. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी होती. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसून टाकते आणि शरीराची दाह करण्याची शक्तीच दाबून टाकते, म्हणून लाली जाते आणि चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पण रोज लावल्यास तेच औषध कातडी पातळ करते, आणि बंद केले की दाबून ठेवलेला दाह उसळून वर येतो. स्टिरॉइड, रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण वांगासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजक्या आठवड्यांपुरते वापरायचे असते. ते गोरेपणाची क्रीम म्हणून घराघरांत पोचले. 2011 मध्ये आपल्या देशातल्या 12 केंद्रांवरील त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांच्यात सर्वाधिक दिसलेला दुष्परिणाम मुरुमांचाच होता. ते आकडे वाचताना मला वाटले, हे माझेच कागद आहेत. 2018 मध्ये सरकारने चेहऱ्याला फासल्या जाणाऱ्या अशा अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत टाकले. नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर ती एक ट्यूब चिठ्ठीशिवायच काउंटरवर आली.

त्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे पेनाने एक चित्र काढले होते. ते मी अजून जपून ठेवले आहे, घडीवर कागद फाटला आहे. एक अरुंद नळी, तिच्यातून वर आलेला केस आणि तळाशी द्राक्षांच्या घोसासारखी तैलग्रंथी. चेहऱ्याच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशा 400 ते 900 ग्रंथी असतात. वयात येताना अँड्रोजन नावाची संप्रेरके वाढतात, ती मुलांच्या शरीरात असतात तशी मुलींच्याही असतात, आणि या संप्रेरकांच्या हुकमावरून या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी नळीच्या आतल्या अस्तराच्या मृत पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसते. बुचाचे तोंड उघडे असेल तर ते काळे दिसते. तो मळ नसतो, कातडीतलेच रंगद्रव्य आणि हवेने काळवंडलेले तेल असते. मी ते काळे ठिपके मळ समजून वर्षानुवर्षे घासले होते, त्या एका वाक्याने माझा हात थांबला. तोंड बंद असेल तर आत हवा नसलेल्या तेलात एक जिवाणू वाढतो, ज्याचे नाव 2016 मध्ये बदलून क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस असे झाले. तो सगळ्यांच्याच कातडीवर राहतो. मग भिंत फुटते, शरीर तिथे धाव घेते, आणि तो भाग लाल होऊन ठणकू लागतो. पण ज्या गोष्टीने माझ्या मनावरचे ओझे उतरले ती अशी, की बूच बसल्यापासून फोड डोळ्यांना दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. आज सकाळी आलेला फोड काल खाल्लेल्या लाडवाने आलेला नसतो आणि परवाच्या जागरणानेही नसतो. मी रोज सकाळी आरशासमोर आदल्या दिवसाचा गुन्हा शोधत असे. तो तिथे नव्हताच.

या वर्षी ताईचा मुलगा सोळा वर्षांचा झाला. ताई ऐरोलीला राहते आणि तो क्लाससाठी रोज ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येतो, क्लास सुटल्यावर आमच्याकडे जेवतो. ताईचा निर्मळ चेहरा त्याला मिळाला नाही, त्याच्या वडिलांचा मिळाला. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की मुरुम कोणाला येतात आणि कोणाला नाही यातला बहुतेक फरक अनुवंशिकतेचा असतो. त्याच्या कपाळावर, गालांवर आणि पाठीवरसुद्धा मोठाले फोड आले होते, कॉलर घासली की त्यांतून रक्त येई, आणि तो दिवसातून सहा वेळा तोंड धूत असे. मुलीला निदान उपाय तरी सांगतात. मुलाने आरशासमोर दोन मिनिटे जास्त काढली की घरातले सगळे हसतात, आणि "मुलगा आहेस, काय फरक पडतो?" असे म्हणतात. वास्तविक त्या वयात तीव्र मुरुम मुलांनाच अधिक येतात. त्याने कोणाला काही सांगितले नव्हते. फक्त जेवताना तो ताटावर इतका वाकून जेवू लागला होता की मला त्याच्या डोक्याचा भोवराच दिसे.

नागपंचमीला तो आला. दिंडांवर तूप सोडता सोडता मी त्याच्या चेहऱ्याविषयी काहीच बोलले नाही. मी जपून ठेवलेला तो फाटका कागद आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि सांगितले, "हे माझं आहे. तुझ्या मावशीच्या गालावरचे हे खड्डे दिसतात ना, त्याची गोष्ट." त्याने प्रथमच मान वर केली. मग त्याने विचारले आणि मी सांगितले, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही बोलत होतो. त्याच संध्याकाळी त्याला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सकाळसाठी जिवाणू मारणारे 2.5 टक्क्यांचे बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रात्रीसाठी बूच बसू न देणारे 0.1 टक्क्याचे ॲडापलीन दिले, पाठीसाठी वेगळे, आणि स्पष्ट सांगितले की याने भागले नाही आणि खड्डे पडू लागले तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा विचार करावा लागेल. 1982 पासून अमेरिकेत वापरात असलेले ते औषध अवघड मुरुमांवर फार गुणकारी आहे, पण रक्ताच्या तपासण्या करत, डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचे असते, आणि गर्भवतीने घेतल्यास बाळात गंभीर व्यंगे येतात, म्हणून मुलींना देताना डॉक्टर विशेष काळजी घेतात. भाच्याला या सगळ्यापेक्षा एकच प्रश्न होता. किती दिवस?

12 आठवडे, डॉक्टर म्हणाले. मी घरी येऊन भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून मोजले, तर नागपंचमीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत बरोबर 84 दिवस होत होते. आम्ही दोघांनी ते दोनदा मोजले. मला इतका आनंद झाला की जणू पंचांगानेच हा इलाज मान्य केला होता.

पहिल्या रात्री मी त्याला मलम लावायला शिकवले. तोंड दिवसातून दोनदाच, साध्या सौम्य फेसवॉशने, बोटांच्या टोकांनी धुवायचे आणि टॉवेलने टिपायचे, पुसायचे नाही. चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ॲडापलीन सगळ्या चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढे घ्यायचे, कपाळ, दोन गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिपके ठेवायचे आणि तिथून पसरायचे. दिसणाऱ्या फोडावर तेवढे लावून भागत नाही, कारण जे फोड पुढच्या महिन्यात दिसणार आहेत त्यांची बुचे आजच त्या स्वच्छ दिसणाऱ्या कातडीखाली बसत असतात. पहिले काही दिवस एकाआड एक रात्र, आणि वर तेलकट नसलेले मॉइश्चरायझर, कारण तेलकट चेहऱ्यालासुद्धा ओलावा लागतो. सकाळी बाहेर पडताना सनस्क्रीन. त्याची बोटे थरथरत होती, स्वतःच्या चेहऱ्याला हळू हात लावण्याची सवय मोडली होती, म्हणून पहिले पाच ठिपके मी ठेवले. त्याने डोळे मिटून घेतले. आठवड्याने ताईचा फोन आला की तिच्या नव्या निळ्या टॉवेलांवर पांढरे चट्टे पडले आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवते हे सांगायचे मी विसरले होते. तेव्हापासून त्याच्यासाठी एक पांढरा टॉवेल आणि पांढरी उशीची खोळ वेगळी ठेवली.

तेलाचा प्रश्न नाजूक होता. ताईच्या सासूबाई नातवाच्या डोक्यावर रोज सकाळी खोबरेल थापत आणि कपाळावर ओघळलेले तेल हातानेच मागे सारत. केसांना लावलेल्या तेलामुळे किंवा पोमेड नावाच्या तेलकट मलमामुळे कपाळावर येणाऱ्या मुरुमांचे वर्णन वैद्यकात 1970 मध्येच झाले आहे, आणि त्याच्या कपाळावरची बारीक, एकसारखी पुरळ पाहून डॉक्टरांनीही तेच विचारले. पण आजीने लावलेले तेल बंद करायला तिला कसे सांगावे, याचे उत्तर वैद्यकात नसते. माझ्यासारखीला तर नाहीच सांगता येत. शेवटी भाच्यानेच मार्ग काढला. तो रविवारी सकाळी आजीपुढे बसून तेल लावून घेतो आणि तासाभरात न्हाऊन टाकतो. खाण्याविषयी मी फार बोलले नाही. मैदा, साखर, गोड शीतपेये यांनी रक्तातली साखर झपाट्याने वाढते आणि त्याने मुरुमांना जोर येतो, असे दाखवणारे प्रयोग झाले आहेत. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात 12 आठवड्यांच्या आहारबदलाने तरुण मुलांचे मुरुम कमी झालेले दिसले. काहींना दुधानेही त्रास होतो. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या ताटावर पहारा बसवला की तो जेवण आणि चेहरा दोन्हींविषयी लाजू लागतो, हे मी भोगलेले आहे. गणपतीत त्याने पाच मोदक खाल्ले आणि मी वाढले.

पाचव्या आठवड्यात चेहरा बिघडला. सुरुवातीला असे होऊ शकते हे डॉक्टरांनी सांगितले होते, तरी त्या दिवशी तो क्लासला गेला नाही, आमच्याकडे येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि म्हणाला, "मावशी, बंद करतो हे." मी त्याच्या पायाशी बसून राहिले. धीर धर असे म्हणायला मला जड जात होते, कारण त्याच्याहून मोठी असूनही मी धीर धरू शकले नव्हते आणि एका ट्यूबच्या मागे लागले होते. पंधरा दिवसांत चेहरा पाटीसारखा करणारे औषध मेडिकलमध्ये मिळते आणि खरे औषध 84 दिवस मागते, यात सोळा वर्षांचा मुलगा काय निवडेल? नवरात्रात मात्र एका संध्याकाळी तो जेवायला बसला आणि मला त्याचा भोवरा दिसला नाही, कपाळ दिसले. डाग होते, आहेत, ते जायला पुढचे कित्येक महिने लागतील. नवे फोड मात्र थांबले होते.

या सगळ्या दिवसांत मी त्या मुलीला विसरले नव्हते. एकदा दुकानात गर्दी नसताना मी दुकानातल्या मुलाशी बोलले. तो म्हणाला, "ताई, आम्ही नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात जातील." तो खोटे बोलत नव्हता आणि त्याचे मला समाधानही झाले नाही. ऐरोलीहून परतताना मी मुद्दाम त्या फुटपाथने येऊ लागले. तिला काय सांगायचे याचे वाक्य मी मनात अनेकदा जुळवले आणि मोडले. "तुझ्या चेहऱ्याला" या शब्दांनी सुरू होणारे प्रत्येक वाक्य मला हवेत बोट फिरवणाऱ्या त्या काकूंपाशी नेऊन सोडत होते. भाच्याच्या ताटाशेजारी मी जे केले होते तेच इथेही करता येईल हे कळायला मला इतके आठवडे का लागले, कोण जाणे.

वसुबारसेच्या संध्याकाळी ती दिसली. गोखले रोड कंदिलांनी आणि माणसांनी भरून गेला होता, दुकानाच्या पायरीवर कोणीतरी ठिपक्यांची लहानशी रांगोळी काढली होती आणि ती रांगोळी चुकवून, ओढणी तशीच नाकापर्यंत गुंडाळून, ती काउंटरपाशी उभी राहिली. ट्यूब समोर आली. मी तिच्या शेजारी गेले आणि दिव्याच्या उजेडात स्वतःचा डावा गाल तिच्याकडे वळवला. "बाळा, मी तुझ्याएवढी असताना हीच क्रीम दोन वर्षं लावली होती," मी म्हणाले. "त्यानंतर काय झालं ते तुला हवं असेल तर सांगते, नको असेल तर नाही." तिने आधी माझ्या गालाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मी तो वळवून घेतला नाही. मग ती पैसे न देता बाजूला झाली आणि आम्ही दोघी पायरीच्या कडेला, रांगोळीला पाय लागणार नाही अशा बेताने उभ्या राहिलो. फटाक्यांच्या आवाजात मला तिचे बोलणे पहिल्यांदा ऐकू आले नाही. तिने ओढणी हनुवटीखाली ओढली आणि पुन्हा विचारले.

"काकू, बंद केल्यावर किती दिवस जळतं?"

"एकदम बंद करू नकोस," मी म्हणाले, आणि पर्समधून डॉक्टरांचा पत्ता लिहिलेला कागद काढू लागले.